ट्रकच्या इंजिनात ऑइल कोणत्या वाटेनं फिरतं, आणि दाब पडला तर कुठे शोधायचं

ऑइलचा दिवा लागला की पहिला संशय पंपावर जातो. पंप उतरतो, नवा बसतो, पैसे जातात आणि दिवा तसाच लागलेला राहतो, कारण दोष वाटेवर भलतीकडेच असतो. ऑइलची वाट क्रमानं पाठ असेल तर अर्धे बिघाड इंजिन न उघडता सापडतात. म्हणून आधी वाट समजून घेऊ, मग दाब मोजणं, बिघाड आणि ऑइल बदलणं.

उदाहरणासाठी कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर टर्बो डिझेल इंजिन घेतलं आहे. टाटांच्या ट्रकांवर ते वर्षानुवर्षं चाललं, त्यामुळे हायवेवरच्या बहुतेक गॅरेजांना ते परिचयाचं आहे. दुसऱ्या बनावटीत फिल्टर किंवा कूलर वेगळ्या जागी असेल, क्रम मात्र बराचसा हाच.

आधी एक गोष्ट पक्की करा

पंप दाब तयार करत नाही. पंप ऑइल ढकलतो, एवढंच त्याचं काम. पुढे बेअरिंगच्या बारीक फटींतून ते ऑइल अडखळत बाहेर पडतं, आणि त्या अडथळ्यामुळे दाब तयार होतो. क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, पेलणाऱ्या मेन बेअरिंगची फट साधारण पाच ते बारा शतांश मिलिमीटर असते. ती झिजून वाढली की ऑइल सहज निसटतं आणि दाब पडतो, पंप नवा असला तरी. ठिबकच्या शेतात सुरुवातीची एक नळी फाटली की शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही, मोटार मात्र पूर्ण जोरात चालू असते, इथेही तसंच.

ऑइलची वाट

१. चेंबर. इंजिनच्या तळाशी साधारण १४ लिटर ऑइल असतं, फिल्टर आणि कूलर धरून एकूण १६ च्या आसपास. चेंबरचा आकार गाडीप्रमाणे बदलतो, त्यामुळे शेवटचा शब्द ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीचा. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत जवळपास दोन लिटरचं अंतर आहे.

२. जाळी आणि सक्शन पाइप. पंप इथून ऑइल ओढतो. पंपाच्या आधीचा हा एवढाच तुकडा ओढीवर चालतो, पुढचं सगळं दाबावर. म्हणून इथे सांधा ढिला असला, पॅकिंग फाटलं किंवा पाइपला चीर गेली तर ऑइल बाहेर गळत नाही, हवा आत येते. जमिनीवर एक थेंब दिसत नाही आणि पंप फेस ढकलत राहतो. हा दोष डोळ्यांना दिसत नसल्यामुळेच सर्वात जास्त चुकतो.

३. पंप. ब्लॉकच्या पुढच्या तोंडाशी, क्रँकच्या गिअरवरून चालतो. आत एक आतला आणि एक बाहेरचा रोटर, बाहेरच्याला एक दात जास्त. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकं जास्त ऑइल.

४. रेग्युलेटर व्हॉल्व्ह. जोरात फिरणाऱ्या इंजिनात दाब वाढतच गेला तर फिल्टर फुटेल, सील उडतील. म्हणून दाब साधारण ४.५ बारच्या वर गेला की स्प्रिंगवरचा हा प्लंजर सरकतो आणि जादाचं ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो. प्लंजरखाली एखादा बारीक कण अडकला तर तो उघडाच राहतो. अशा वेळी दाब स्लोवरही (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) कमी आणि रेस दिल्यावरही कमी.

५. ऑइल कूलर. ब्लॉकच्या कुशीत पत्र्यांच्या जोड्या, आतून ऑइल आणि भोवती रेडिएटरचं पाणी. पिस्टन, टर्बो आणि बेअरिंगांनी ऑइलला दिलेली उष्णता इथे पाण्यात जाते. जुन्या गाड्यांत लोक कूलरकडे वर्षानुवर्षं बघत नाहीत, आणि तो आतून गाळानं भरला की घाटात ऑइल नको तितकं तापतं.

६. फिल्टर. कागदी. फिल्टर हेडमध्ये बायपास व्हॉल्व्ह असतो. फिल्टर चोंदला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं तर तो उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं, कारण बेअरिंगला घाणेरडं ऑइल मिळणं ऑइल न मिळण्यापेक्षा बरं. याचाच दुसरा अर्थ असा की चोंदलेला फिल्टर दाबाच्या काट्यावर फारसा कळत नाही. काटा व्यवस्थित, आणि आत चुरा फिरतोय.

७. टर्बो. फिल्टर हेडवरून एक बारीक पाइप सरळ टर्बोला जातो. या मापाच्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि तो ऑइलच्या थरावरच तरंगतो. येताना ऑइल दाबानं येतं, जाताना मात्र निव्वळ स्वतःच्या वजनानं खाली पडतं. म्हणून परतीचा पाइप जाड असतो आणि तो सरळ उताराचाच हवा. त्यात कुठे पोट आलं, पॅकिंगला सिलिकॉन लावताना भोक अर्धं बंद झालं, तर ऑइल टर्बोत साचतं आणि सीलमधून हवेच्या नाहीतर धुराच्या बाजूला निघतं.

८. मेन गॅलरी. ब्लॉकच्या लांबीभर गेलेलं छिद्र. दाबाचा सेन्सर इथलाच दाब वाचतो. हे लक्षात ठेवा: काटा गॅलरीचा दाब सांगतो, टर्बोचा नाही आणि रॉकरचाही नाही.

९. मेन बेअरिंग, आणि तिथून तीन फाटे. गॅलरीतून सातही मेन बेअरिंगांना ऑइल मिळतं. एक फाटा क्रँकमधल्या तिरक्या छिद्रांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांकडे जातो. दुसरा कॅमच्या बुशकडे. तिसरा पिस्टन कूलिंग जेटकडे. हा जेट पिस्टनच्या पोटात खालून ऑइलची धार मारतो, पिस्टन थंड राहतो आणि पिनलाही ऑइल मिळतं. जेट वाकला किंवा बंद झाला तर त्या एकाच सिलिंडरचा पिस्टन जाम होतो. तुटून पडला तर तिथून ऑइल मोकाट सुटतं आणि दाबही उतरतो.

१०. रॉकर. ब्लॉकमधून उभी छिद्रं हेडपर्यंत जातात आणि व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरना ऑइल देतात. ही दाबाच्या वाटेची सर्वात लांबची टोकं. पुढे पुश रॉडच्या भोकांतून ऑइल खाली येतं, टॅपेट आणि कॅम भिजवतं आणि चेंबरमध्ये पडतं.

पुढच्या बाजूचे गिअर, हवेचा कंप्रेसर आणि इनलाइन पंप असलेल्या गाड्यांत डिझेल पंपही याच ऑइलवर चालतात. ब्रेकच्या हवेच्या टाकीतून पाणी काढताना ऑइल येऊ लागलं तर कंप्रेसरच्या रिंगा तपासा. इंजिनचं कमी होणारं ऑइल तिकडे जात असण्याची शक्यता असते.

पातळी बघण्याची पद्धत

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून निदान १० मिनिटं थांबायचं, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. पट्टी पुसून परत घालायची आणि मग वाचायची. घाटाच्या उतारावर उभ्या गाडीची पट्टी खोटं सांगते.

कमी ऑइल वाईट, हे सगळ्यांना माहीत आहे. वळणावर किंवा जोरात ब्रेक लावल्यावर ऑइल एका बाजूला जातं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. पण जास्त ऑइलही तितकंच वाईट. क्रँक ऑइलला आदळायला लागतो, फेस होतो, आणि फेसाला बेअरिंगचा भार पेलत नाही. ‘लिटरभर जास्त असू दे, कमी पडायला नको’ हा सल्ला मानू नका.

न भरता पातळी वाढलेली दिसली तर थांबा. आत एक तर पाणी येतंय नाहीतर डिझेल. पाणी असेल तर ऑइल दुधाळ तपकिरी होतं. डिझेल असेल तर पातळ होतं आणि पट्टीला वास येतो. बीएस-६ गाड्यांत धुराचा फिल्टर स्वच्छ करण्यासाठी जे जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरू शकतं, म्हणून त्यांची वाढलेली पातळी हलक्यात घेऊ नये.

दाब मोजण्याची पद्धत

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबून इंजिन उघडू नका. सेन्सर आणि वायरिंग दोन्ही खोटं सांगू शकतात.

गॅलरीवरचा सेन्सर काढून त्या जागी ० ते १० बारचं यांत्रिक गेज चांगल्या नळीनं जोडा. गाडी सरकू नये म्हणून चाकांना ओट लावा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. इंजिन सुरू करून पाणी ८० अंशांच्या वर जाईपर्यंत तापवा. थंड इंजिनचा दाब नेहमी चांगलाच दिसतो, त्याला काही किंमत नाही. मग स्लोवर, मिनिटाला १५०० फेऱ्यांवर आणि पूर्ण वेगाला आकडा लिहून घ्या. या इंजिनला गरम असताना स्लोवर किमान ०.७ बार आणि पूर्ण वेगाला किमान २.१ बार हवा. गेज पीएसआयमध्ये असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, म्हणून हेच आकडे १० आणि ३० होतात. किलोचं (चौरस सेंटिमीटरला किलो दाखवणारं) गेज असेल तर बार आणि किलो जवळपास सारखेच धरा.

आता आकड्यांची चाल बघा. एकेका आकड्यापेक्षा तीच जास्त सांगते.

स्लोवर कमी पण रेस दिली की चांगला दाब: बेअरिंगच्या फटी वाढल्या आहेत, किंवा ऑइल पातळ झालंय. आधी ऑइल तपासा, डिझेल मिसळलंय का ते बघा. ऑइल ठीक असेल तर चेंबर उतरवून एखादं मेन आणि एखादं रॉडचं शेल (बेअरिंगची अर्धगोल पाती) बघा.

सगळ्या वेगांना कमी: रेग्युलेटर उघडा अडकलाय, जाळी चोंदलीय किंवा पंप झिजलाय. याच क्रमानं बघा, कारण रेग्युलेटर चेंबर न उतरवता काढता येतो.

काटा थरथरतोय: सक्शनमधून हवा येतेय किंवा पातळी कमी आहे. पातळी बरोबर असूनही थरथर राहिली तर सक्शन पाइपचं पॅकिंग.

सुरू केल्यावर दाब यायला उशीर: फिल्टर कोरडा होतोय, सक्शनला हवा लागतेय किंवा ऑइल तिथल्या हवामानासाठी फार घट्ट आहे.

दाब कायम जास्त: रेग्युलेटर बंद अवस्थेत अडकलाय किंवा चुकीच्या ग्रेडचं घट्ट ऑइल भरलंय. चढा काटा बघून खूश होऊ नका.

दाब उत्तम, पण टॅपेटचा आवाज येतोय आणि टॅपेट सेटिंग बरोबर आहे: टॅपेट कव्हर काढून इंजिन स्लोवर चालवा आणि प्रत्येक रॉकरला ऑइल येतंय का ते बघा. एकच कोरडा असेल तर त्याचं उभं छिद्र किंवा हेड पॅकिंगमधलं भोक बंद आहे.

जे नेहमी चुकतं

सिलिकॉन. चेंबर बसवताना जाड लेप लावला की बोल्ट आवळल्यावर तो आत दाबला जातो, तुकडे सुटतात आणि थेट जाळीवर जातात. चांगलं इंजिन अशानं जाम झालेलं असतं. लेप पातळ, बोल्टच्या भोकाभोवती, आणि आतल्या कडेपासून दूर.

पाण्यात ऑइल. रेडिएटरच्या टोपीखाली चिकट तवंग दिसला की लगेच हेड उतरवतात. आधी कूलर तपासा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून कूलरला चीर असेल तर ऑइल पाण्यात जातं. इंजिन बंद झाल्यावर ऑइलचा दाब शून्य, पण पाण्याचा दाब काही वेळ टिकतो, आणि मग पाणी ऑइलकडे येऊ शकतं. कूलर काढून हवेच्या दाबानं पाण्यात बुडवून तपासायला हेड उतरवण्यापेक्षा कितीतरी कमी वेळ लागतो.

टर्बो ऑइल फेकतोय. टर्बो बदलण्याआधी ब्रीदरचा, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर सोडणारा, पाइप बघा. रिंगा झिजल्या की ज्वलनाचा वायू खाली चेंबरकडे उतरतो; ब्रीदर चोंदला असेल तर तो बाहेर पडू शकत नाही आणि आत दाब साचतो. टर्बोचं परतीचं ऑइल निव्वळ वजनानं उतरत असतं, ते त्या दाबाविरुद्ध खाली येऊच शकत नाही. नवा टर्बोही मग तसाच ऑइल फेकणार.

तापलेलं इंजिन पटकन बंद करणं. कसारा किंवा खंबाटकी चढून वर आल्यावर चहाच्या टपरीपाशी लगेच किल्ली फिरवली की पंप थांबतो, पण टर्बो अजून फिरत असतो आणि लाल झालेला असतो. त्याच्या बेअरिंगमध्ये उरलेलं ऑइल जळून कोळसा होतो आणि पुढे तोच कोळसा त्याची वाट बंद करतो. भरल्या गाडीनं घाट चढल्यावर तीन ते पाच मिनिटं स्लोवर ठेवा. सकाळी सुरू केल्याबरोबर रेस देणंही तितकंच वाईट. टर्बोपर्यंत ऑइल पोचायला काही सेकंद लागतात.

ऑइल आणि फिल्टर बदलताना

बीएस-४ पर्यंतच्या या वर्गातल्या इंजिनांना सर्वसाधारणपणे १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस दर्जाचं ऑइल चालतं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, सीके-४ किंवा कंपनीनं सांगितलेलं. जुन्या प्रकारचं भरलं तर त्यातली राख धुराच्या फिल्टरमध्ये साचते आणि ती जाळून जात नाही. किती किलोमीटरला बदलायचं हे गाडीच्या पुस्तकातलंच धरा. खाणीच्या रस्त्यावर, धुळीत किंवा कायम ओव्हरलोड चालणाऱ्या गाडीला त्यातला कठीण वापराचा आकडा लागू होतो, आणि तो बराच कमी असतो.

इंजिन गरम असताना ऑइल सोडा, म्हणजे गाळ तरंगत बाहेर येतो. पण ते १०० अंशांच्या आसपास असू शकतं, हातमोजे घाला. केबिन उचलली असेल तर तिचा लॉक तपासूनच खाली वाका. ड्रेन बोल्ट काढून ऑइल पूर्ण निथळू द्या, नवा वॉशर लावा, बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कनं आवळा.

जुना फिल्टर टाकू नका. कापून उघडा, कागद पसरून उजेडात बघा. थोडी काजळी नेहमीचीच. चुंबकाला चिकटणारा चुरा म्हणजे लोखंड: सिलिंडरची भिंत, रिंगा किंवा गिअर. न चिकटणारा तांबूस किंवा राखाडी चकाकता चुरा म्हणजे बेअरिंगची शेलं किंवा बुश. मोठ्या ताफ्याच्या मालकानं ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. सिलिकॉन (पॅकिंगचा लेप नव्हे, धुळीतलं मूलद्रव्य) जास्त आलं तर एअर क्लीनरच्या पुढे कुठेतरी धूळ शिरतेय, सोडियम किंवा पोटॅशियम आलं तर कूलंट. माझ्या मते या तपासणीइतका स्वस्त उपाय ट्रकच्या धंद्यात दुसरा नाही.

नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइल लावा. या इंजिनवर फिल्टर स्वच्छ ऑइलनं भरूनच बसवतात. नव्या काही इंजिनांवर कंपनीनं तसं करायला मनाई केली आहे, कारण ओतलेलं ऑइल गाळलं न जाता सरळ बेअरिंगकडे जातं. रबर टेकल्यावर हातानं पाऊण फेरा. पट्टीचा पाना लावून आवळू नका, पुढच्या वेळी निघणार नाही. जुन्या फिल्टरचं रबर हेडला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक बसली की दाब आल्यावर सगळं ऑइल रस्त्यावर येतं.

जुनं ऑइल जमिनीवर, गटारात किंवा चुलीत घालू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचरा आहे. ते बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं.

हाफ किंवा फुल इंजिनचं (अर्धं किंवा पूर्ण उघडून) काम झाल्यावर

ब्लॉक धुताना गॅलरीचे प्लग काढले असतील तर सगळे परत बसलेत का, हे मोजून बघा. आतला एक प्लग राहिला तर बाहेर गळती दिसत नाही आणि दाब मात्र येत नाही, आणि तो शोधायला सगळं पुन्हा उघडावं लागतं. क्रँकची तिरकी छिद्रं ब्रशनं आणि हवेनं साफ करा. ग्राइंडिंगचा चुरा तिथे हमखास राहतो.

जोडताना शेलांना, कॅमला आणि रॉकरना ऑइल लावा. पंपात ऑइल भरा, कारण कोरडा पंप ओढ घेत नाही. टर्बोच्या तोंडातून चमचा-दोन चमचे स्वच्छ ऑइल घाला. मग डिझेल बंद ठेवून फक्त सेल्फ (स्टार्टर मोटार) मारा: १५ सेकंद, मग दोन मिनिटं विश्रांती, म्हणजे सेल्फ जळत नाही. गेजवर दाब दिसेपर्यंत हे चालू ठेवा. त्यानंतरच डिझेल सोडा.

इंजिन पेटल्यावर १५ सेकंदांत दाब आला नाही तर बंद करा आणि कारण शोधा, पुन्हा मारून बघू नका. दाब आला तर पाच मिनिटं स्लोवर ठेवून फिल्टर, कूलर, टर्बोचे दोन्ही पाइप आणि ड्रेन बोल्ट टॉर्चनं बघा. मग बंद करून १० मिनिटांनी पट्टी काढा. फिल्टर, कूलर आणि गॅलरी भरल्यामुळे पातळी खाली गेलेली असेल. तेवढं ऑइल वरच्या खुणेपर्यंत घाला, त्याच्या वर नाही.